वाऱ्याला पाठ

मळणी उरकली आणि वारा पडला.

खळ्यावर ज्वारीचा ढीग तसाच उभा होता. दाणे, भुसकट, कणसांची बोंडं, बैलांच्या खुरांखाली चुरलेली पानं, सगळं एकात एक मिसळलेलं. दाणा वेगळा करायचा तर वारा पाहिजे, आणि वारा काही शेजारणीकडून उसना आणता येत नाही. बनुबाई दिवसातून कितीदा तरी चिमूटभर भुसकट डोक्याच्या वर धरून सोडून बघायची. ते गिरक्या घेत तिच्याच पायांवर येऊन पडायचं.

विट्याच्या पुढं पूर्वेकडं जमीन उघडीबोडकी होत जाते, तिथल्या उतारावर तिचा तुकडा होता. मागची दोन सालं दुष्काळात गेली होती. त्या दोन सालांत बनुबाई आणि तिची सून अंजना रस्त्याच्या कामावर खडी फोडत होत्या. म्हातारी हातोडी मारायची, सून घमेली वाहायची. दुपारी कामावर वाटायचे ती सुकडी दोघी एकाच पदरात घेऊन खायच्या. यंदा परतीचा पाऊस वेळेवर झाला आणि ज्वारी डोक्याबरोबर आली. दोघींनीच ती उपटली, दोघींनीच कणसं खुडली. उपटून उपटून अंजनाच्या तळव्यांची कातडी निघाली होती. निजताना ती हातांना गोडं तेल लावायची आणि दोन्ही हात छातीशी उताणे धरून पडायची, कुणाला काही दाखवत असल्यासारखी.

घरात पुरुषमाणूस म्हणजे बनुबाईचा मुलगा कृष्णात. तो तिकडं दूर दक्षिणेत, सेलमला. विट्याकडचे पुष्कळ लोक जातात तसा तोही सोनं गाळायच्या दुकानात लागला होता. दुकान भावकीतल्या भाऊसोंचं. सराफांकडचं जुनं, मिसळीचं सोनं आणायचं, भट्टीत वितळवायचं, तेजाबात उकळायचं आणि शुद्ध करून परत द्यायचं. भाऊसो म्हणाले होते, काम शीक, जरा दम धर, तुला वेगळा गाळा काढून देतो. कृष्णातनं दम धरला. गाळा झाला की बायकोला घेऊन जाईन, असं तो अंजनाला म्हणाला होता. अंजनानंही दम धरला. लग्नाला आठ वर्षं झाली होती, कूस अजून उजवली नव्हती, आणि नवऱ्याबरोबर काढलेले सगळे दिवस एका उन्हाळ्यात मावले असते. तो यायचा म्हसोबाच्या जत्रेला आणि जत्रेची दुकानं उठली की जायचा.

"बनाक्का, तुझी सून म्हंजे भुई गं," शेजारच्या खळ्यावरची शालूबाई म्हणायची. "आमची एवढ्यात माहेरला जाऊन बसली असती."

बनुबाईला ते ऐकायला बरं वाटायचं. भुई आपलीच असल्यासारखं.

त्या दिवशी दोघी खळ्याच्या कडेला बाभळीखाली बसून वाऱ्याची वाट बघत होत्या. अंजना पाटीचा उसवलेला काठ सुतळीनं शिवत होती. मान वर न करता ती म्हणाली, "आत्ती, ह्या खेपंला मी जाते म्हंते."

"कुठं?"

"त्यांच्यासंगं."

बनुबाईनं पायाला रुतलेला सराटा काढला. काढून झाल्यावरही ती पाय चाचपतच राहिली. "गाळा झाला व्हय त्याचा?"

"न्हाई. गाळ्याबिगरच. त्यांच्या दुकानाच्या गल्लीत एका म्हातारीची खोली हाय म्हणं रिकामी. शेजारच्या गावचा एकजण तिकडनं आला हुता, त्यो सांगत हुता. आन् त्यो म्हणाला, वैनी, कृष्णात लय खोकतोय."

"तेजाबाचा धूर आसतोय. समद्यांनाच खोकला येतो."

"व्हय. पर समद्यांच्या बायका हितं न्हाईत."

बनुबाईनं हातातला सराटा लांब फेकला. ढिगाकडं बघून ती म्हणाली, "रास पडल्याबिगर कशी जातीस? वारा सुटला तर मी एकटी काय करू?"

"रास झाली की जाईन."

"बघू. उफणणी होऊ दे आदी."

अंजनानं दातांनी सुतळी तोडली. "तुमी हूं म्हटल्याबिगर ते न्यायचं न्हाईत. तुमचं हूं समजू का?"

"उफणणी झाली तर हूं," बनुबाई म्हणाली.

*

कृष्णात जत्रेच्या आदल्या दिवशी आला. एसटी फाट्यावर थांबते. तिथून घरापर्यंतच्या चढाला तो दोनदा थांबला, हे बनुबाईनं दारातून बघितलं. दर खेपेला आणायचा तशी त्यानं आईसाठी स्टीलची ताटली आणली होती. ती हातात देताना त्याची बोटं दिसली. नखं आणि बोटांची पेरं पिवळी पडली होती, हळद लागावी तशी, पण हळद धुतली की जाते.

"हे काय रं?"

"तेजाब उडतंय. दुखत न्हाई."

"आन् खोकला?"

"प्रवासाचा हाय, आये. आगगाडीच्या कोळशाचा धूर लागला."

जत्रा झाली. नारळ फुटले, कुस्त्या झाल्या, पोरींनी बांगड्या भरल्या. ढीग तसाच. कृष्णातला शुक्रवारी निघायचं होतं. मंगळवारी सकाळी जरा झुळूक आली तशी अंजना तिवईवर चढली. तिवई म्हणजे तीन वाशांचा उंच घोडा, वर दोन पावलं मावतील एवढीच फळी. खालच्या माणसानं पाटी भरून वर द्यायची, वरच्यानं ती डोक्याबरोबर धरून हळूहळू ओतायची, रिकामी पाटी खाली टाकायची, तोवर खालच्यानं दुसरी भरलेली पाहिजे. वारा असेल तोवर मधे खंड पडून चालत नाही.

"आये, तू सर, मी देतो," कृष्णात म्हणाला आणि पाटी भरायला वाकला.

पहिली पाटी त्यानं दिली. दुसरी उचलली. वरून उडणाऱ्या भुसकटातली बारीक कूस त्याच्या नाकातोंडात गेली आणि तो खोकायला लागला. सुरुवातीला हसत खोकत होता. मग हसणं गेलं. मग त्यानं पाटी टाकली, गुडघ्यांवर हात टेकले, आणि भात्यातली हवा संपल्यावर जसा नुसता चामड्याचा आवाज येतो तसा आवाज त्याच्या छातीतून यायला लागला. अंजना वरूनच उडी मारून खाली आली. तिनं त्याला बाभळीखाली नेऊन बसवलं, पाठीवरून हात फिरवला. चारचौघांत तिनं नवऱ्याला असा हात लावलेला बनुबाईनं आजवर बघितला नव्हता. शालूबाईच्या खळ्यावरची माणसं हातातलं काम सोडून बघत राहिली.

तोवर झुळूक गेलीच होती.

दुपारी मायलेक ओट्यावर बसले. अंजना आत भाकरी थापत होती. थापण्याचा आवाज येत होता, म्हणजे तिला यांचं बोलणं ऐकू जात होतं.

"कृष्णात, सोडून दे ते काम. हितं ऱ्हा."

"सोडून कसं चालंल? एवढी वर्षं काढली. भाऊसो म्हणत्यात, दिवाळीच्या फुडं गाळा नक्की."

"गेल्या साली बी दिवाळीच म्हणाला हुता."

"मग? आता सोडलं तर मागचं समदं पाण्यात गेलं न्हवं का? पाच वरसांपूर्वीच सोडलं आसतं तर गोष्ट येगळी." तो जरा थांबला, श्वास घेतला. "थांबलेल्या माणसाला थांबावंच लागतंय, आये."

"आन् तिला न्हेतोस?"

"तुझं काय म्हणणं हाय?"

आतला थापण्याचा आवाज थांबला.

"मी सांगितलंय तिला," बनुबाई म्हणाली. "उफणणी होऊ दे."

थापणं पुन्हा सुरू झालं.

*

बुधवारी वाऱ्याचा पत्ता नव्हता. गुरुवारी सकाळीही पान हललं नाही. प्रवासात भाकरी पाहिजेत म्हणून अंजना दुपारी दळण घेऊन पलीकडच्या गावच्या गिरणीला गेली. कृष्णात तिकिटाचं बघायला विट्याला गेला होता. बनुबाई राखण करत खळ्यावर एकटीच होती.

ऊन कलायला लागलं आणि तिच्या मानेला गार लागलं.

आधी तिला वाटलं, घाम वाळतोय. मग बाभळीच्या शेंगा वाजायला लागल्या. मग पश्चिमेकडच्या टेकडीवरून धुळीची एक लांबलचक पट्टी उठली आणि खाली यायला लागली. शेजारच्या खळ्यावर शालूबाई ओरडली, "सुटला गंऽ! या रंऽ!" आणि बघता बघता उतारावरच्या सगळ्या खळ्यांवर माणसं धावत आली, तिवयांवर चढली, आणि ठिकठिकाणी भुसकटाचे पिवळे पडदे उडायला लागले. वारा असा की जसा मागून घ्यावा. जोरकस, एका दिशेचा, मधे न तुटणारा.

बनुबाई उठली. पाटी हातात घेतली. गिरणी काही फार लांब नव्हती. त्या वाटेनं जाणारं कुणीही 'अंजनाला धाड' म्हटलं तर निरोप पोचला असता. ती पाटी घेऊन उभी राहिली. आणि मग तिनं पाटी पालथी घातली, तिच्यावर बसली, आणि वाऱ्याकडं पाठ केली.

वाऱ्यानं तिचा पदर पुढं ओढून तोंडावर आणला. तो तिनं दातांत धरला. समोर तिचं घर दिसत होतं, उतारावर एकटंच, पत्र्यावर दगड ठेवलेलं. तिला काय वाटत होतं हे विचारलं असतं तर तिला सांगता आलं नसतं. एवढंच की उद्या संध्याकाळी त्या दारात दिवा लावायला दुसरं कुणी नसेल, आणि परवा नसेल, आणि तेरवाही.

मेंढरांची खसखस ऐकू आली. धुळा धनगर मेंढरांना पडलेला पाला चारत खळ्यापाशी आला होता. मोकळ्या रानात दरसाल त्याची मेंढरं बसायची, त्यामुळं घरचाच.

"बनाक्का! बसलीयास काय अशी? वारा बघ की!"

"सून न्हाई. दळणाला गेलीय."

"आगं मग मी देतो की पाट्या. ऊठ, चढ वर."

"नगं. तुझी मेंढरं राशीत शिरत्याली."

"कुत्रं हाय की राखायला. ऊठ."

"नगं म्हंते न्हवं का! तू आपलं जा."

धुळानं काठीवर हनुवटी टेकली आणि तिच्याकडं बघितलं. मग ढिगाकडं बघितलं. ढिगाच्या शेंड्यावरचं हलकं भुसकट आपोआप उडून पूर्वेकडं चाललं होतं. "म्हातारी झालीस बग," तो म्हणाला. "वाऱ्याला पाठ करून कुणी बसतंय व्हय?" आणि मेंढरांना शीळ घालून तो गिरणीच्या वाटेला लागला.

वारा बराच वेळ वाहिला. मग दमल्यासारखा झाला, मग थांबला. शेजारी शालूबाईच्या खळ्यावर पांढरीशुभ्र रास पडली होती आणि बायका तिच्या कडेनं शिराईनं झाडत होत्या. तेवढ्यात अंजना आली. दळण तिनं वाटेतच कुणाकडं तरी टाकलं असावं. पदर खोचलेला, श्वास वर लागलेला, पायांवर धूळ.

"आत्ती, वारा..."

"सुटला हुता जरासा," बनुबाई म्हणाली. "लगीच पडला."

अंजना ढिगापाशी गेली. ढिगाच्या पूर्वेला हातभर लांब भुसकटाचा पट्टा पडला होता. तो तिनं बघितला. पालथी पाटी बघितली. शेजारची रास बघितली.

"धुळामामा भेटलं हुतं वाटंत," ती म्हणाली.

एवढंच. मग तिनं शिराई घेतली आणि उडालेलं भुसकट झाडून पुन्हा ढिगाला लावलं. ते लावायचं काही कारण नव्हतं. ते उडूनच जायला पाहिजे होतं. पण ती लावत राहिली.

बनुबाई वाट बघत होती. आता ही बोलेल, आता शिव्या घालेल, निदान पाटी तरी आपटेल. आपटली असती तर बनुबाईनंही चार शब्द ऐकवले असते, दोघी भांडल्या असत्या, रडल्या असत्या, आणि मग काहीतरी मोकळं झालं असतं.

जेवताना कृष्णात म्हणाला, "मग आता पुढल्या सालीच नेतो. तवर गाळा बी हुईल."

"बरं," अंजना म्हणाली आणि त्याच्या ताटात आमटी वाढली.

तो शब्द बनुबाईच्या ओळखीचा होता. तिचा नवरा नाथाजी फौजेत होता. दर रजेच्या शेवटच्या दिवशी तो म्हणायचा, पुढच्या रजेला जास्त दिवस येतो, आणि ती म्हणायची, बरं. पेन्शन घेऊन तो कायमचा आला तेव्हा त्याच्या मिशा पांढऱ्या होत्या. गावानं म्हटलं, बनुबाईनं वाट बघितली, देवानं पदरात घातलं. तो ओट्यावर बसायचा, चहात साखर कमी आहे म्हणायचा, तिच्या चालीरीतींना नावं ठेवायचा. ती त्याच्याशी पाव्हण्याशी बोलावं तशी बोलायची. राग यायचा नाही. राग कधी गेला ते तिला कळलंच नव्हतं, आणि रागाबरोबर आणखी काय काय गेलं तेही नाही. तो माणूस जरा ओळखीचा वाटायला लागला, तेवढ्यात मेला.

अंजना भांडी घासत होती. हात एका लयीत फिरत होते. चेहऱ्यावर काही नव्हतं. बनुबाई त्या चेहऱ्याकडं बघत राहिली आणि तिला भीती वाटली.

*

सकाळी अंजना नवऱ्याच्या पिशवीत भाकरीचं गाठोडं ठेवत होती. बनुबाईनं उतरंडीमागची जुनी पत्र्याची पेटी ओढून काढली. नाथाजीची फौजेतली. तिच्यात अंजनाची दोन लुगडी टाकली, चोळ्या टाकल्या, आणि पेटी उंबऱ्याबाहेर नेऊन ठेवली.

"हे काय, आत्ती?"

"जा."

"रास?"

"वारा काय तुझ्या नावानं सुटतोय व्हय? माझ्या नावानं बी सुटंल."

अंजना जागची हलली नाही. "एकटीला कसं जमंल?"

"जमंल न्हाई तर ऱ्हाईल. कुजत न्हाई ज्वारी." बनुबाई पेटीची कडी लावायला खाली बसली. कडी गंजली होती, लागेना. अंजनाकडं न बघता ती म्हणाली, "काल वारा हुता. लय चांगला हुता."

"म्हाईत हाय."

"मग बोलली का न्हाईस गं भवाने?"

अंजना खाली बसली, सासूच्या हातातली कडी घेतली आणि एका हिसक्यात लावली. कडीचा पत्रा लागून तळवा पुन्हा फुटला. तिनं तो लुगड्याला पुसला.

कृष्णात दारात येऊन दोघींकडं बघत होता. "आये, तू इचार केलायस न्हवं? हितं तुला..."

"तू गप. गाळा हू दे न्हाई तर न हू दे. हिला परत हितं आणून सोडलीस तर मी दार उघडायची न्हाई." तिनं पेटी त्याच्याकडं ढकलली. "आन् ही पेटी तू उचलू नगंस. ती उचलंल."

फाट्यापर्यंत बनुबाई गेली नाही. ओट्यावरून तिला दोघं उताराला जाताना दिसली. अंजनाच्या डोक्यावर पेटी होती आणि ती पुढं चालत होती. मधेच ती थांबायची, मागं वळायची, नवरा येईपर्यंत उभी राहायची. ती आपल्याकडं बघतेय की त्याच्याकडं, हे बनुबाईला एवढ्या लांबून कळत नव्हतं. एसटी आली, तिच्या मागची धूळ खाली बसली, आणि फाटा रिकामा दिसला.

*

त्यानंतर वारा नव्हता. धुळा मेंढरं घेऊन खाली कृष्णाकाठच्या उसाच्या रानांकडं उतरला. बनुबाई खळ्यावर जायची, चिमूटभर भुसकट सोडून बघायची, घरी यायची. बोलायला कुणी नसल्यामुळं दिवस लांब झाले होते, आणि आवाज न वापरल्यामुळं एकदा शालूबाईनं हाक मारली तर ओ द्यायला तिला घसा खाकरावा लागला.

एका दुपारी वारा सुटला. पहिल्यासारखा पक्का नव्हता, तुटत तुटत येणारा. पण वारा होता. बनुबाई शालूबाईच्या बांधावर गेली. तिथं माणसं कडधान्याच्या ढिगाभोवती धावत होती.

"शालू, एखादं माणूस दे गं. पाट्या द्यायला."

"आगं बनाक्का, ह्यो वारा संपला की देते! आत्ता कशी देऊ? बघतीस न्हवं?"

बनुबाईला ते ठाऊकच होतं. वारा सुटतो तो सगळ्यांच्या खळ्यांवर एकदम सुटतो. तेव्हा कुणी कुणाला मिळत नाही, आणि माणसं मोकळी होतात तेव्हा वारा नसतो.

ती परत आली. पाटी भरली, डोक्यावर घेतली, एका हातानं वासा धरला आणि तिवईवर चढली. गुडघे कुरकुरले. वर उभं राहून तिनं पाटी हळूहळू ओतली. दाणे सरळ खाली पडले, भुसकट पूर्वेला गेलं. बरोबर जमलं. मग ती खाली उतरली, पाटी भरली, पुन्हा चढली. वारा मधे थांबला तर फळीवर उभी राहून वाट बघायची, आला की ओतायची. खाली पसाभर, मग दोन पसे, पांढरं दिसायला लागलं. पायांच्या पोटऱ्या थरथरत होत्या. छातीत कळ येत होती. बरोबरीच्या खळ्यावर त्या वेळात दहाबारा पाट्या रित्या होत होत्या, पण तिकडं तिनं बघितलं नाही.

पुन्हा एक पाटी घेऊन ती वर चढली. या वेळेला तिनं ती जरा जास्तच भरली होती. फळीवर पावलं टेकली, पाटी सावरली, आणि वारा पडला.

"पडला गंऽ!" शालूबाईच्या खळ्यावरून कुणीतरी म्हणालं. तिथं वरच्यानं पाटी खाली दिली, खालच्यानं ती धरली, आणि माणसं सावलीला गेली. कुणीतरी पाण्याची घागर वाकवली.

बनुबाई वर तशीच उभी राहिली. भरल्या पाटीचं वजन मानेतून पाठीत आणि पाठीतून पायांत उतरत होतं. वारा आत्ता येईल किंवा संध्याकाळपर्यंत येणार नाही. आता उतरायचं तर पाटी घेऊनच उतरावं लागणार होतं, आणि पाय धड नव्हते. पाटी टाकून द्यावी तर पांढऱ्या दाण्यांवर पुन्हा सगळं भुसकट पडणार होतं. खाली घ्यायला कुणी नव्हतं. तिनं पाटीचा काठ दोन्ही हातांनी घट्ट धरला आणि पश्चिमेकडं तोंड केलं.